मामा आणि फायलो व्हान्स

माझ्या बातमीदारीवर दोघांचे उपकार आहेत. एक माझा मामा आणि दुसरा फायलो व्हान्स. व्हान्स हा एस. एस. व्हॅन डाइन यांच्या कादंबऱ्यांतला न्यूयॉर्कचा हौशी गुप्तहेर. १९३३ साली मायकेल कर्टिझ यांच्या ‘द केनेल मर्डर केस’ या चित्रपटात विल्यम पॉवेल चौथ्यांदा व्हान्स झाला. झोकदार सूट, बारीक मिशी आणि न चढणारा आवाज.

मामा कोर्टात लेखनिक होता. मी क्राइम बीटला लागलो तेव्हा त्याने शेजारी बसवून मला हा चित्रपट दाखवला. चिनी कलावस्तू जमवणारा आर्चर को स्वतःच्या खोलीत मेलेला सापडतो. दाराला आतून कडी, हातात पिस्तूल. पोलीस सार्जंट हीथच्या लेखी सरळसरळ आत्महत्या. पण युरोपला निघालेला व्हान्स प्रवास सोडून परततो. डॉग शो जिंकायला आसुसलेला माणूस असा मध्येच जीव देईल, हे त्याला पटत नाही. डॉक्टर तपासतात तर पाठीत वार, आणि गोळी मेल्यानंतरची! मग व्हान्स टाचणी आणि दोरा घेऊन बसतो. दोरा किल्लीच्या भोकातून बाहेर काढतो, दार लावून घेतो आणि बाहेरून दोरा ओढतो. आतली कडी बसते.

इथे मामाने चित्रपट थांबवला. “दार आतून बंद होतं, एवढंच दिसलं. आत्महत्या आपण मनाने जोडली. बातमीत या दोन गोष्टींची गल्लत करू नकोस.”

पोलिसांच्या कागदावर ‘अकस्मात मृत्यूची नोंद’ एवढंच असतं. प्रेमप्रकरण, कर्ज, परीक्षेतलं अपयश ही कारणं बऱ्याचदा ठाण्याबाहेरच्या चहाच्या टपरीवर ठरतात. मी मात्र मृतदेह कुठे सापडला, प्रथम कोणी पाहिला, शवविच्छेदनाचा अहवाल आला का, एवढंच लिहितो. बातमी चार ओळींत संपली तरी चालतं.

अशा एका चार ओळींच्या बातमीचं कात्रण घेऊन एक वडील ऑफिसात आले होते. म्हणाले, “माझ्या मुलीबद्दल भलतंसलतं न छापलेलं हे एवढंच आहे. घरात जपून ठेवलंय.” त्यांनी हात जोडले. ते आभार मामाचे होते, आणि मामाच्या लाडक्या व्हान्सचे.