बर्फाच्या उतारावर

बर्फ म्हटले की माझ्या डोळ्यांसमोर उसाच्या रसातला खडा येतो. फार तर शाळेबाहेर मिळणारा काडीवरचा रंगीत गोळा. असा माणूस गेल्या मार्चमध्ये कॅनडाच्या डोंगरात, भाच्याच्या कमरेला मिठी मारून स्नोमोबाइलवर बसला होता, हे आमच्या स्टाफरूममध्ये अजून कोणाला खरे वाटत नाही.

ताई बावीस वर्षे कॅलगरीला असते. भाचा आणि त्याचे तीन मित्र रेव्हलस्टोकला निघाले, तेव्हा तिने बेसनाच्या लाडवांचा डबा माझ्या हाती देऊन हळूच सांगितले, "तू बरोबर असलास म्हणजे पोरं जरा धाकात राहतील."

वाट चारशे किलोमीटरची. मध्ये रॉजर्स पास ही खिंड लागते. ४ मार्च १९१० रोजी येथे आगगाडीच्या रुळांवर आलेला बर्फ मजूर उपशीत होते. तेवढ्यात समोरच्या डोंगरावरून दुसरा लोंढा आला आणि ५८ माणसे गेली. त्यांतली ३२ जपानी, पोटासाठी इतक्या दूर आलेली. १९१६ मध्ये रेल्वेने खिंड सोडून बोगदा काढला. १९६२ मध्ये मोटाररस्ता झाला. त्याच्या रक्षणासाठी कॅनडाचे सैन्य हिवाळाभर तेथे तोफा घेऊन असते. माथ्यावर बर्फ फार साठला की रस्ता बंद करायचा, गोळे डागून बर्फ आपल्या सोयीने पाडायचा, मग रस्ता मोकळा. हे ऐकून मी अगदी निर्धास्त झालो.

"ते रस्त्यापुरतं, मामा," भाचा म्हणाला. "रस्ता सोडला की आपलं आपण."

सकाळी बोल्डर माउंटनच्या पायथ्याशी मला सजवण्यात आले. छातीवर, कोटाच्या आत, एक यंत्र बांधले. ते सतत खुणेची लहर सोडते; कोणी गाडला गेला की बाकीच्यांनी आपापली यंत्रे शोधण्याकडे फिरवायची. पाठीवरच्या पिशवीत घडीची लांब सळई आणि फावडे. एवढे ओझे गाडीलाच का बांधत नाही, असे मी विचारले.

"गाडीच गाडली गेली तर? आणि तुझ्या पाठीवरचं फावडं तुझ्यासाठी नाहीये. ते माझ्यासाठी आहे."

मग तालीम झाली. एक यंत्र बर्फात पुरून मला शोधायला सांगितले. मी खिशातला फोन दूर ठेवायला विसरलो, त्यामुळे यंत्र गोंधळले, मीही गोंधळलो. सतरा मिनिटे लागली. गाडलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर निघाला तर बहुधा वाचतो, अर्ध्या तासानंतर आशा फार थोडी. हेलिकॉप्टर यायला त्याहून वेळ लागतो. म्हणजे ताईचा मुलगा माझ्या हातून गेला होता. पोरांपैकी कोणी हसले नाही. दुसऱ्या खेपेला आठ, तिसऱ्या खेपेला सहा मिनिटे. मग निघालो.

रेव्हलस्टोकलाच ‘अॅव्हलांच कॅनडा’ ह्या संस्थेची कचेरी आहे. ती हिवाळ्यात रोज धोक्याचा अंदाज जाहीर करते. पायऱ्या पाच. त्या दिवशी तिसरी होती. तिला मराठीत ‘बराच धोका’ म्हणावे लागेल. पंचाईत अशी, की ‘बराच’ म्हटले तरी माणसाला त्यातला ‘बरा’ तेवढा ऐकू येतो! कधी कधी पृष्ठावरचे दवाचे नाजूक स्फटिक नव्या बर्फाखाली गाडले जातात. वरचा थर मग मोहरीवर ठेवलेल्या पाटासारखा टेकलेला असतो. उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा असला की त्याला धक्का तेवढा हवा. अपघातांत तो धक्का बहुतेक वेळा त्या टोळीतल्याच कोणीतरी दिलेला असतो.

डोंगरावरच्या झोपडीपुढे मोकळे उतार लागले. पोरे एकेक करून चढत. बाकीचे बाजूला, गाड्यांची तोंडे निसटायच्या दिशेला करून उभे. एकाची गाडी मध्यावर रुतली. तो एकटाच बर्फ उकरू लागला. दहा मिनिटे झाली तरी हे तिघे जागचे हलेनात. माझा जीव राहीना.

"अरे, मित्र ना तुमचा? जा की कोणीतरी मदतीला!"

"नाही मामा. दुसरी गाडी वर गेली तर वजन वाढतं. उतार सुटला तर दोघं खाली जातील आणि शोधणारा एक कमी होईल."

मला राग आला, हे कबूल करतो. आपल्याकडे नदीत कोणी ओरडला की चार जण कपड्यांनिशी उड्या टाकतात. पण भाच्याने जे सांगितले त्यावर मला बोलता आले नाही. १३ मार्च २०१० रोजी ह्याच बोल्डर माउंटनवर गाड्यांची चढाई पाहायला सुमारे २०० माणसे जमली होती. उतार कोसळून दोघे मेले, तीसेक जखमी झाले. त्याआधी २८ डिसेंबर २००८ ला, ह्याच प्रांतात फर्नीजवळ, गाडलेल्या सोबत्यांना उकरणाऱ्यांवरच दुसरा लोंढा आला होता. अकरांपैकी आठ गेले. आदल्या दिवशी खिंडीत ऐकलेले ते जपानी मजूर मला आठवले.

वीस मिनिटांनी तो गडी गाडी सोडवून खाली आला आणि पहिला शब्द बोलला तो लाडू मागण्याचा.

दुपारी पुढच्या मोठ्या उतारापाशी सगळे थांबले. ऊन चढले होते. दोघांना जायचे होते, एक गप्प होता. भाचा माझ्याकडे वळला. "मामा, तुझं काय मत?" मला वाटले, थट्टा करतो आहे. पण त्यांचा नियम असा, की पाचांतला एक ‘नाही’ म्हणाला की परत फिरायचे, कारण विचारायचे नाही. कॉलेजच्या सभांत मी वीस वर्षे माना डोलावत आलो आहे.

"नको. परत जाऊ," मी म्हणालो.

गाड्या वळल्या. कोणी तोंड वाकडे केले नाही. तो उतार त्या दिवशी कोसळला नाही. आम्ही निघेपर्यंत तरी शांत होता. मी भित्रेपणाने बोललो की शहाणपणाने, हे मला आजही सांगता येत नाही.

परतताना रॉजर्स पासला रस्ता बंद होता. मोठमोठ्या ट्रकांच्या रांगेत आम्ही दीड तास बसलो. दूर धप्प असा आवाज झाला, काचा किंचित थरथरल्या. ताईचा फोन आला: पोरे धाकात आहेत ना? मी ‘हो’ म्हणालो आणि कोटात हात घातला. छातीवरचे यंत्र अजून चालूच होते.