आईचा ओटा आणि माझं बजेट

जबलपूर कॅन्टोन्मेंटमधलं हे आमचं अकरावं घर, म्हणजे अकरावं स्वयंपाकघर. एमईएसच्या क्वार्टरमध्ये ओटा जसा असेल तसा आपला म्हणायचा. जागा कमी पडली तर काळ्या ट्रंकेवर जुनी चादर घालायची आणि तिच्यावर मिक्सर ठेवायचा. बायकोला हे सगळं पाठ झालंय. वीस वर्षांत आम्ही एकही ओटा स्वतः निवडलेला नाही. त्यामुळे यंदा पाटणच्या घरातलं आईचं स्वयंपाकघर नवं करायचं ठरलं, तेव्हा तिच्यापेक्षा मलाच जास्त उत्साह चढला.

आई त्र्याहत्तर वर्षांची आहे. वडील गेल्यापासून घरी एकटीच असते. ओट्याची फरशी मधोमध तडकलेली, मोरीला ओल आलेली, लाइटचं बटण हात ओला असला की झिणझिण्या देणारं. काम टाळण्यासारखं नव्हतंच. बायकोनं दोन गोष्टी पहिल्याच दिवशी सांगितल्या. "अहो, साडेतीन लाखांच्या वर जायचं नाही. आणि डीएसओपीला हात लावायचा नाही, तो लेकीच्या कॉलेजचा पैसा आहे."

खडकवासल्याला शिकलेली सवय सुटत नाही. मी ग्राफ पेपर घेतला आणि रीतसर अ‍ॅप्रिसिएशन लिहिलं: उद्दिष्ट, जागा, साधनं, पर्याय. पाहुणे आले की त्यांना भेडाघाटला नेणं जबलपूरच्या पोस्टिंगमध्ये ठरलेलंच असतं. नर्मदेच्या दोन्ही बाजूंचे ते पांढरे कडे बघून मी 'ओटा: पांढरा संगमरवर' असंही लिहून टाकलं. बायकोनं ते तिथल्या तिथे खोडलं. संगमरवर मुळात चुनखडीच्याच जातीचा. लिंबू, चिंच, कोकम सांडलं की पॉलिश जातं आणि हळदीचा डाग बसला तर निघत नाही. आपल्या आमटीपुढे ग्रॅनाइटच टिकतो.

चुलतभावानं माप घेऊन कोटेशन पाठवलं:

जुना ओटा फोडणं आणि राडारोडा उचलणं: 18,000
प्लंबिंग: 30,000
वायरिंग, अर्थिंग आणि 16 अँपिअरचे दोन पॉइंट: 22,000
ग्रॅनाइटचा ओटा, खाली कडप्प्याच्या उभ्या फळ्या: 48,000
भिंतीच्या आणि जमिनीच्या टाइल्स: 42,000
स्टीलच्या ट्रॉल्या आणि दारं: 95,000
ओट्याच्या वरची भिंतीवरची कपाटं: 78,000
रंग: 15,000

बेरीज 3,48,000. दोन हजार शिल्लक! मी संध्याकाळी फोन करून आईला अगदी विजयाच्या सुरात सांगितलं. रात्री कोटेशन पुन्हा वाचलं, तेव्हा तळाशी बारीक अक्षरात 'जीएसटी वेगळा' असं दिसलं. 18 टक्क्यांनी 62,640 रुपये वाढले आणि आकडा 4,10,640 वर गेला. हाताखालच्या ऑफिसरनं असं आकडेवारीचं पान आणलं असतं, तर मी त्याला पुन्हा करायला लावलं असतं.

आता काटछाट करायची. मी ट्रॉल्या कमी करायच्या विचारात होतो. आई फोनवर म्हणाली, "वरची कपाटं काढून टाक की."

"अगं, सगळ्यात सोयीचं तेच आहे. डबे कुठं ठेवशील?"

"खाली ठेवीन. आरं, डोक्यावर काय नगं मला."

मला वाटलं, खर्च वाचवतेय. आपल्या आयांची ती जुनी खोड. मी तिला समजावलं, फोटो पाठवले, हायड्रॉलिक दारांचा व्हिडिओही पाठवला. ती 'बरं' म्हणाली. तिच्या 'बरं'चा अर्थ 'नाही' असतो, हे मला एव्हाना कळायला हवं होतं.

त्याच आठवड्यात सदर बाजारात एका हार्डवेअरच्या दुकानात सहज नळांचे भाव बघत होतो. दुकानदार सत्तरीचे. स्वयंपाकघराचं काम म्हटल्यावर त्यांनी मला आधी विचारलं, वरच्या कपाटांना भिंत कसली आहे? मग त्यांनी 22 मे 1997 ची पहाट सांगितली. साधारण सव्वाचारची वेळ होती. जबलपूरला 5.8 चा भूकंप झाला. त्यांच्या घरातल्या फळीवरची पितळी भांडी ओळीनं खाली आली. फळीखाली रोज त्यांची आई झोपायची. त्या रात्री उकाड्यामुळे ती अंगणात झोपली होती, म्हणून वाचली.

दुकानातून बाहेर पडलो आणि गाडीत बसून राहिलो. आईचं माहेर कोयनानगरजवळचं. 11 डिसेंबर 1967 ला कोयनेचा भूकंप झाला, तोही पहाटे सव्वाचारच्याच सुमाराला. आई तेव्हा पंधरा वर्षांची होती. त्या भूकंपाची हकिकत लहानपणी मी दहा वेळा ऐकली होती: थंडीत उघड्यावर काढलेल्या रात्री. पण आमच्या घरात डोक्याच्या वर फळी का नाही, पाट्यावरवंट्यापासून पिठाच्या डब्यापर्यंत सगळं जमिनीलगत का, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

मी फोन केला. "आई, वरची कपाटं कोयनेमुळं नको म्हणतेस का?"

थोडा वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "आजीच्या अंगावर उतरंड आली हुती. तवापास्नं मला वर बघायला नगं वाटतं. तुला हौस हुती, म्हणून बोलले न्हाई."

साधनं, जागा, पर्याय सगळं लिहिलं होतं मी. त्या ओट्यापाशी रोज उभं कोण राहणार, तिला काय हवं, हे विचारायचं राहिलं होतं.

कपाटं काढली. 2,70,000 अधिक जीएसटी 48,600, म्हणजे 3,18,600. शिल्लक 31,400, जवळजवळ दहा टक्के. ही रक्कम मी 'राखीव' म्हणून वेगळी ठेवली. राखीव तुकडी न ठेवता कोणी हल्ला चढवत नाही आणि घराचं काम मात्र आपण शेवटच्या रुपयापर्यंत आखतो.

रजा घेऊन महानगरीनं कल्याण आणि पुढे पाटण गाठलं. ओटा फोडला तेव्हा भिंतीतला जुना लोखंडी पाइप पूर्ण गंजलेला निघाला. मोरीची ओल तिथूनच येत होती. पाइप बदलणं आणि वॉटरप्रूफिंग मिळून 19,500 गेले. राखीव नसती तर काम तिथेच थांबलं असतं किंवा डीएसओपीचा फॉर्म भरावा लागला असता.

कारागीर ओटा नेहमीच्या 34 इंचांवर घेणार होता. मी आईला उभं केलं, कोपर वाकवायला लावलं आणि तिथून चार-पाच इंच खाली खूण केली. ती 31 वर आली. यासाठी एक पैसाही जास्त लागला नाही.

निवृत्तीला आलेले मित्र घराचं विचारतात, त्यांच्यासाठी तीन गोष्टी. कोटेशन बाबवार घ्या आणि जीएसटी धरूनच बेरीज करा. पाइप आणि वायरिंगचा खर्च दिसत नाही, पण कात्री तिथे लावू नका. रंग पुढच्या वर्षीही देता येतो. आणि पहिला आकडा लिहिण्याआधी स्वयंपाक करणाऱ्या माणसाशी तासभर बोला, उत्तर 'बरं' आलं तर पुन्हा विचारा.

निघायच्या दिवशी उरलेले 11,900 आईच्या हातात ठेवले. तिनं ते मोजले आणि नव्या ट्रॉलीतल्या सगळ्यात खालच्या डब्यात, ज्वारीच्या पिठाशेजारी ठेवून दिले.