उडी मारणारा बाण

स्क्रीनवरचा बाण मी उजवीकडे न्यायला जावं, तर तो जागीच रुतून बसायचा आणि मग एकदम टोकाला उडी मारायचा. वायरलेस माउस, तोही नवाकोरा. सेल बदलला, टेबल पुसलं, माउसखाली मासिक ठेवून पाहिलं. दुकानदाराने तो आपल्या कॉम्प्युटरला लावला आणि म्हणाला, "ताई, झकास चालतोय की!" तिथे चालत होता खरा. घरी आणला की पुन्हा तेच.

मग लक्षात आलं, की हा तमाशा हार्ड डिस्क लावली की सुरू होतो. घरातले सगळे फोटो तिच्यात भरायचं काम मी अंगावर घेतलं होतं. डिस्क काढली की बाण सुतासारखा सरळ, लावली की पुन्हा अंगात यायचं. वायफायही नेमकं तेव्हाच रडत बसायचं. तारेने जोडलेल्या डबीचा बिनतारी माउसशी संबंध काय, मला काही उमगेना.

भाच्याला फोन लावला. त्याने विचारलं, "मावशी, डिस्क निळ्या पोर्टमध्ये आहे का? आणि माउसचा तो चिमुकला रिसीव्हर तिच्या शेजारीच?"

होता. अगदी खांद्याला खांदा लावून.

त्याने सांगितलेलं मला कळलं ते एवढं. माउस, ब्लूटूथ आणि वायफायचा एक पट्टा, ही सगळी मंडळी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. निळा पोर्ट म्हणजे यूएसबी ३.०, त्यातून सेकंदाला पाच अब्ज बिट धावतात आणि त्यातून उठणारा रेडिओ गोंगाट केबल-कनेक्टरमधून बाहेर सांडतो, तो याच पट्ट्यात. इंटेलने २०१२ मध्येच हे सविस्तर लिहून ठेवलंय म्हणे. "मग गाळून का टाकत नाहीत?" तर गोंगाट माउसच्याच पट्ट्यात पसरलेला, गाळायला गेलं तर माउसचा आवाजही जाणार. हे पटलं. डिस्कच्या खोक्यावर तशी एक ओळ छापायला काय जातं, हे मात्र अजून कळलेलं नाही.

खातरजमा म्हणून डिस्क जुन्या, काळ्या पोर्टमध्ये लावली. माउस गुणी बाळ झाला, पण फोटो मुंगीच्या पावलांनी सरकायला लागले. तेव्हा डिस्क परत निळ्यात आणि रिसीव्हर एक्स्टेंशन केबलच्या टोकाला, माउसच्या जवळ. बाण तिथल्या तिथे शहाणा झाला. तार नको म्हणून जादा पैसे मोजले आणि आता टेबलावर हातभर तार! वायफायसाठी राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडला. तो स्वयंपाकघरापर्यंत नीट पोचत नाही, पण डिस्कला घाबरत नाही.

भाच्याचं म्हणणं, डिस्कची केबलही चांगली शिल्डेड, म्हणजे गोंगाट आतच अडवणारी घे. दुकानात जाऊन मोठ्या ऐटीत विचारलं, "शिल्डेड आहे का?" दुकानदाराने केबल दोन्ही हातांनी खसकन ओढून दाखवली. "ताई, तुटायची नाही!"