पेण ते रोहा : मागे जोडलेल्या गाडीचा भार

पनवेल सोडून गोवा महामार्गाला लागले की भोगावतीच्या काठचे पेण येते. गणेशमूर्तींचे कारखाने आणि पोहे-पापड यांमुळे हे गाव सर्वांना ठाऊक आहे. पुढे वडखळ, मग नागोठणे आणि तेथून भिसे खिंड ओलांडली की कुंडलिकेच्या काठी रोहा. १९२७ च्या सत्याग्रहाची आठवण ठेवून २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याकडे निघणारी आपली अनेक कुटुंबे नागोठण्यापर्यंत याच रस्त्याने जातात, कोणी एस.टी.ने, तर कोणी वर्गणी काढून केलेल्या गाडीने.

आमच्या ओळखीच्या दोन कुटुंबांनी मिळून जीपमागे ओढायचा एक छोटा निवासी ट्रेलर घेतला. म्हाताऱ्या माणसांना गाडी थांबल्यावर पाठ टेकता यावी, बायामुलींना आडोसा मिळावा, एवढाच हेतू. आर.टी.ओ.त त्याची वेगळी नोंदणीही केली. दुकानदाराने सांगितले, "वेट डिस्ट्रिब्युशन हिच बसवा, तीही सर्वांत मजबूत." म्हणजे भार वाटून देणारी जोडणी. कष्टाचा पैसा खर्च करण्याआधी ती कशासाठी असते, हे समजून घ्यावे असे आम्ही ठरवले आणि गेल्या हिवाळ्यात त्यांच्याबरोबर पेण-रोहा हा प्रवास केला.

बैलगाडी भरणाऱ्या माणसाला यातले मर्म शिकवावे लागत नाही. भात पुढे जास्त भरले तर जू बैलांच्या मानेवर बसते. मागे जास्त भरले तर गाडी उलाळ होते. ट्रेलरचेही तसेच आहे. जोडावर भार जास्त झाला की जीपची मागची बाजू दबते, पुढची उचलली जाते. मग पुढच्या चाकांची पकड कमी होते, स्टिअरिंग हलके लागते, ब्रेक नीट पकडत नाहीत. भार फारच कमी पडला तर ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलू लागतो. म्हणून भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार जोडावर असावा, असा हिशेब धरतात. ट्रेलर ६०० किलोचा असेल तर ६० ते ९० किलो.

भार वाटणाऱ्या जोडणीत स्प्रिंगसारखे दोन लोखंडी दांडे असतात. ते ताणून बसवले की जोडावरचा काही भार जीपच्या पुढच्या चाकांकडे आणि काही ट्रेलरच्या चाकांकडे जातो. मात्र एकूण वजन एक किलोनेही कमी होत नाही, आणि गाडीची ओढण्याची मर्यादाही वाढत नाही. दांडे गरजेपेक्षा कडक असले तर गाडी आदळते, सांगाड्यावर ताण येतो; कमजोर असले तर त्यांचा उपयोगच होत नाही. तेव्हा "सर्वांत मजबूत" हा सल्ला बरोबर नाही. मोजलेल्या भाराला जुळतील असेच दांडे घ्यावेत.

पेणला सामान भरून झाल्यावर आम्ही वजनकाट्यावर ट्रेलर चढवला. वजन भरले ६०० किलो. मग सपाट जागी, जोडाखाली लाकडी ठोकळा आणि त्याखाली माणसांचे वजन करायचा काटा ठेवला. भार निघाला ९५ किलो! कारण पाण्याने भरलेला ५० लिटरचा कॅन अगदी पुढे ठेवला होता. तो चाकांच्या बरोबर वर सरकवला, तेव्हा ७५ किलो झाला. पोह्यांची पोती मागच्या टोकाला टाकायची घाई मुलांनी केली होती. तीही मध्येच ठेवली. ट्रेलर जोडण्याआधी आणि नंतर पुढच्या मडगार्डची जमिनीपासूनची उंची टेपने मोजली. फरक एक सेंटिमीटरहूनही कमी. जीपच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेतही भार बसत होता. तेव्हा हिच घेण्याची गरज उरली नाही.

खरी परीक्षा भिसे खिंडीत होती. उतारावर चालकाने खालचा गिअर ठेवला, सारखा ब्रेक दाबला नाही. ट्रेलर शांतपणे मागून आला. जोडाखाली साखळ्या एकमेकींवर फुली करून अडकवल्या होत्या, म्हणजे जोड निसटला तरी ट्रेलरची दांडी रस्त्यावर आपटू नये. माणसे सगळी जीपमध्येच होती. चालत्या ट्रेलरमध्ये कोणालाही, विशेषतः निजलेल्या मुलांना, ठेवू नये.

वाचक बंधू-भगिनींपैकी कोणी असा ट्रेलर घेणार असेल, तर हा क्रम पाळावा : आधी सामान नीट लावा, मग वजन करा, मग जोडावरचा भार आणि पुढची उंची मोजा, गाडीचे पुस्तक पाहा. तरीही पुढची बाजू उचलली जात असेल आणि कंपनीने परवानगी दिली असेल, तरच त्या भाराला जुळणारी हिच घ्या. विकणारा आपला माल विकतो. घाटात गाडी मात्र आपल्या लेकरांना घेऊन उतरते. म्हणून काट्यावर दिसेल तेच खरे मानावे.