आधी पत्रा, मग पलंग

पावसाळ्यातल्या ओल्या पहाटे आमच्या जुन्या ट्रॅव्हलरला घाई चालत नाही. किल्ली अर्धी फिरवायची, हीटरचा दिवा लागला की थांबायचं. मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं हे डिझेल इंजिन. स्पार्क प्लगचा त्यात संबंधच नाही. हीटर प्लगांनी आतल्या चिमुकल्या कोठ्या तापवल्या की मगच गार इंजिन नीट पेट घेतं. दिवा विझेपर्यंतचा तो थांबा मला फार आवडतो. पागोळ्यांचा आवाज तेवढ्यात नीट ऐकू येतो.

२००५ साली फोर्स मोटर्स हे नाव घेण्याआधीच्या बजाज टेम्पोची ही गाडी. या जातीच्या गाड्यांनी गावोगावची वऱ्हाडं वाहिली, शिर्डीचे भाविक नेले, कंपन्यांच्या पाळ्या सांभाळल्या. आमच्या गाडीचं घर करायचं म्हणून आतली बाकडी काढली तेव्हा खाली चुरमुरे, बांगडीचे तुकडे, एक गंजलेली सेफ्टी पिन निघाली. रिकाम्या गाडीत उभं राहून मी पलंग, ओटा, कपाटं यांची जागा ठरवू लागले. मिस्त्री म्हणाले, "ताई, आधी पत्रा, मग पलंग."

स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ते पत्रा वाजवत निघाले. चांगला पत्रा खणखणतो. चाकावरच्या कमानीपाशी आवाज बद्द झाला. वरचा रंग तुकतुकीत होता, आत पापुद्रे सुटले होते. मग दाराच्या तळाची चिखलानं बुजलेली भोकं त्यांनी तारेनं मोकळी केली आणि तांबडं पाणी बराच वेळ गळत राहिलं. कुजका भाग कापला, नवा पत्रा वेल्ड केला, वर रेड ऑक्साइडचा हात दिला. खिडक्यांची कडक झालेली रबरं बदलली.

त्यानंतर सुतार आला. घर करायचं ते चालत्या गाडीत, हे तेव्हा पदोपदी जाणवलं. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो वजन. म्हणून टाकी खाली, पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये बसवली, मागच्या पाट्यांवर सगळा भार नको. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड, गळला तर तळाशी साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळातच थेट बाहेर उघडणारं भोक ठेवलं. रात्रीचे दिवे आणि पंखा वेगळ्या बॅटरीवर घेतले, म्हणजे सकाळी स्टार्टरची बॅटरी ताजी राहते. माणसांच्या श्वासाची वाफही गार पत्र्यावर पाणी होऊन बसते. छतातली हवेची खिडकी भर पावसातही किलकिली ठेवावी लागते.

मूळ बांधणीत बदल करायचा तर आरटीओची परवानगी हवी. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावं लागतं. मला ही तपासणी जाचक वाटत नाही. आपल्या पाठीमागच्या रस्त्यावर इतरांची लेकरं असतात.

जुन्या गाडीला घर करण्याचं मनात असेल, तर पहिला पैसा गाद्यांवर घालू नका. एक पावसाळा तिला उघड्यावर राहू द्या. मुसळधार सर पडत असताना टॉर्च घेऊन आत बसा, कुठून थेंब येतो ते खडूनं खुणावून ठेवा. सुताराला दिवाळीनंतर बोलवा.