परळीची गाडी आणि लंडनचें भांडवल

गेल्या कार्तिकांत आम्ही सहकुटुंब परळी वैजनाथाच्या दर्शनास गेलों. परभणीस गाडी बदलून गंगाखेड येथें गोदावरी ओलांडली कीं थोड्याच वेळानें बीड जिल्हा लागतो. आमचें घराणें मूळचें बीडचें. परंतु जिल्ह्याच्या मुख्य गांवीं रेल्वे नसल्यामुळें लहानपणीं ती पाहावयास वडिलांबरोबर परळीसच यावें लागे. देवदर्शन आणि अग्निरथदर्शन एकाच खेपेंत होई! ‘आपल्या गांवास गाडी कधीं येणार?’ असें विचारलें असतां वडील म्हणत, ‘एक वैजनाथ जाणे, दुसरें सरकार.’

मंदिराच्या पायऱ्या उतरतांना सौभाग्यवतींनीं विचारलें, ‘ही रेल्वे आणली तरी कोणीं?’ प्रश्न लहान, उत्तर मोठें आहे.

निजामाच्या संस्थानांतील वाडी–हैदराबाद मार्ग १८७४ सालीं सुरू झाला. त्याचें उत्पन्न अल्प, आणि पुढील मार्गांस पैसा नाहीं. तेव्हां १८८३ सालीं लंडनच्या कंपनीशीं करार झाला. कंपनीनें भांडवल आणावें. आणि रेल्वेस लाभ होवो वा न होवो, संस्थाननें त्यावर शेंकडा पांच व्याजाची वीस वर्षें हमी द्यावी. म्हणजे लाभ भागधारकांचा आणि तूट रयतेच्या साऱ्यांतून! या योजनेच्या अटी लोकांस कळाव्यात असा आग्रह धरणारे अघोरनाथ चट्टोपाध्याय, म्हणजे सरोजिनी नायडू यांचे वडील, त्याच वर्षीं हद्दपार झाले. मार्ग झाले, हें नाकारतां येत नाहीं. पुढें मनमाड–औरंगाबाद–परभणी हा मार्गही त्याच कंपनीनें चालविला. परंतु संस्थानास ती रेल्वे विकत घेण्यास १९३० साल उजाडावें लागलें.

याच्या उलट उदाहरण आफ्रिकेंतील आहे. केनियाच्या सरकारी विमान कंपनीची स्थिति खालावली, तेव्हां १९९६ सालीं डच कंपनी के.एल.एम.नें तिचे शेंकडा सव्वीस भाग घेतले. पुढें मोठा तोटा आला, आणि २०१७ च्या पुनर्रचनेंत डचांचा हिस्सा आठ टक्क्यांच्या खालीं गेला. केनियाच्या सरकारासही भार सोसावा लागलाच. पण भागीदार त्यांतून सुटला नाहीं. पैसा परका आहे कीं स्वकीय, यापेक्षां तो तोट्यांतही पंक्तीस बसतो कीं नाहीं, हें पाहावें, असें आम्हांस वाटतें.

परतींत परळीहून एस.टी.नें बीडास आलों. मधला लोहमार्ग तेव्हां व्हावयाचाच होता. अहिल्यानगर–बीड गाडी मात्र १७ सप्टेंबर २०२५ रोजीं, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनीं, सुरू झाली होती. तिचा अर्धा खर्च रेल्वेचा, अर्धा राज्य सरकारचा. म्हणजे दोन्ही वांटे आपणां प्रजेचेच.

बीडच्या नव्या फलाटावर आम्हीं तिकिटें काढलीं. वडील आज हयात नाहींत. गाडी हलली तेव्हां सौभाग्यवतींनीं खिडकीजवळची जागा आम्हांस दिली आणि त्या कांहीं बोलल्या नाहींत.