टाचणीच्या डोक्याएवढे भोक

चि. समीर यास,

खोलीभर रक्त, दार उघडे आणि पालथा पडलेला म्हातारा, एवढ्यावर “खूनच आहे” हे फोनवर तुझ्या तोंडून निघालेले वाक्य पंचनाम्यात उतरायला वेळ लागत नाही. पण रक्त पुष्कळ सांडले, यावरून ते कोणी सांडले हे ठरत नाही.

सर्वांत फसवी असते पायावरची फुगलेली शीर. तिच्या झडपा निकामी झालेल्या असतात. उभे राहिले की वरच्या साऱ्या रक्ताचा भार घोट्याशी येतो. तिथली कातडी तपकिरी, कागदासारखी पातळ होते. खाटेची कड घासली तरी फुटते, आणि फारसे दुखतही नाही. माणूस फडके शोधत मोरीपर्यंत जातो, परततो. फरशीवर पावले उमटतात, भिंतीला रक्ताचे हात लागतात. बघणाऱ्याला ती झटापट वाटते. आडवे होऊन पाय उंच धरला आणि भोक अंगठ्याने दाबले तर रक्त थांबते, हे आजीच्या पायाची शीर अशीच फुटली ती रात्र पाहिलेल्याने तरी विसरू नये! भोक टाचणीच्या डोक्याएवढे असते, वाळलेल्या रक्ताखाली दडलेले. फोटो आणि नोंदी झाल्यावर पाय धुवून, भिंग घेऊनच ते सापडते. पायमोजे न काढता केलेली तपासणी ही तपासणीच नव्हे.

रक्त शरीराच्या आतूनही येते: यकृताच्या सिरोसिसमध्ये अन्ननलिकेतली शीर फुटते, क्षयाने पोखरलेल्या फुप्फुसातली धमनी फुटते. तेव्हा रक्त तोंडावाटे येते आणि अंगावर वार सापडत नाही.

डोक्याचे प्रकरण याहून अवघड. वाढलेल्या रक्तदाबाने मेंदूत रक्तस्राव होतो, माणूस कोसळतो आणि पडताना कपाळ फुटते. जखम खरी असते, पण मागाहूनची. असा रक्तस्राव बहुधा मेंदूच्या खोल भागात असतो. माराच्या खुणा बहुधा पृष्ठभागाशी. मेंदूच्या तळाच्या धमनीवरचा बोरासारखा फुगा ऐन भांडणात फुटला, तर नुसता हात धरणारा खुनी ठरतो. म्हणून मेंदू फॉर्मॅलिनमध्ये घालण्याआधी ताजी गुठळी पाण्याने हळूच धुऊन फुगा शोधावा लागतो; गुठळी घट्ट झाली की तो हाती लागत नाही.

म्हाताऱ्याचे दोन्ही घोटे धुऊन पाहिले का, ते कळावे. चौकशीला नेलेली त्याची सून घरी परतली का, तिच्या तान्ह्याला कोण सांभाळते आहे, तेही कळावे.